एकयंत्री खेळ आणि बहुयंत्री खेळ

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद झाला. सुट्टीत चार मुले एकत्र आली म्हणजे वाद व्हावयाचेच. परंतु हा वाद मला नवा होता. इंदूरहून आलेला माझा भाचा आणि पुण्यात राहणारा माझा पुतण्या या दोघांनाही व्हिडिओ गेमचे विलक्षण वेड आहे. दोघांनीही वर्षभर पैसे साठवून, आणि कमी पडले ते आपापल्या वडिलांकडून मिळवून, एकेक कन्सोल विकत घेतला. फरक इतकाच, की एकाने एका कंपनीचा घेतला व दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीचा. भाच्याचे म्हणणे असे, की जो खेळ केवळ आपल्याच यंत्रावर मिळतो तो इतर खेळांहून श्रेष्ठ असावयाचाच, कारण तो त्या एका यंत्रासाठी जीव ओतून केलेला असतो. पुतण्याचे म्हणणे नेमके उलट. खेळ जर खरोखरच चांगला असेल तर तो सर्वांना का मिळू नये? ज्या खेळाला कुंपण घालावे लागते त्याच्या गुणांविषयीच आपल्याला शंका येते, असे तो म्हणाला. शेवटी एकाने "मामा, तुम्हीच सांगा" आणि दुसऱ्याने "काका, तुम्हीच निकाल द्या" असे म्हणून तो वाद माझ्यापुढे आणला. मी फराळाचे ताट पुढे सरकवून त्या दिवशी सुटका करून घेतली खरी; परंतु प्रश्न मनातून जाईना. त्यावर पुढे जे वाचले आणि जो विचार केला, तो आज आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा करू. कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून मुख्यतः खेळ खेळण्यासाठी बनविलेला संगणक. निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांची यंत्रे सध्या या क्षेत्रात प्रमुख आहेत. काही खेळ यांपैकी एकाच कंपनीच्या यंत्रावर खेळता येतात. त्यांना 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात. काही खेळ अनेक यंत्रांवर मिळतात, ते 'मल्टिप्लॅटफॉर्म'. सोयीसाठी आपण पहिल्यांना एकयंत्री व दुसऱ्यांना बहुयंत्री म्हणू.

हा भेद निर्माण कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा प्रसिद्ध कन्सोल बाजारात आला. त्यावरचे खेळ आरंभी अटारीच तयार करी. १९७९ साली तेथील काही प्रोग्रॅमर बाहेर पडले व त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी काढली. यंत्र एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, ही व्यवस्था येथून सुरू झाली. लवकरच वाटेल त्याने वाटेल तसे खेळ काढावेत अशी स्थिती आली. १९८२ साली अटारीवर आलेला 'पॅक-मॅन' हे त्या काळचे ठळक उदाहरण होय. खेळघरांतील मोठ्या यंत्रासाठी १९८० साली जपानमध्ये तयार झालेला हा मोहक खेळ घरच्या दुबळ्या यंत्रावर घाईने उतरविला गेला, आणि त्यातील भुते पडद्यावर सारखी लुकलुकू लागली. कारण तितकी चित्रे एकाच वेळी स्थिर दाखविण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात नव्हते. १९८३ साली अमेरिकेतील हा सारा बाजार कोसळला. त्यामागे अनेक कारणे होती. परंतु हलक्या खेळांचा सुकाळ हे त्यांतील एक मोठे कारण होते.

या पडझडीतून धडा घेऊन निन्टेन्डोने १९८५ साली अमेरिकेत आपला कन्सोल आणला. परवान्यावाचून कोणाचाही खेळ चालू नये म्हणून यंत्रात कुलपासारखी एक चिप बसविली. परवानाधारकांवर दोन कडक अटी घातल्या: वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढावयाचे नाहीत, आणि काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा नाही. पहिली अट गुणवत्तेसाठी होती असे म्हणता येईल. दुसरी मात्र स्पष्टपणे प्रतिस्पर्ध्यांना उपाशी ठेवण्यासाठी होती. एकाच करारपत्रात गुणाची काळजी आणि व्यापाराचा डाव शेजारी शेजारी बसले, आणि त्या दिवसापासून त्या दोहोंची लोकांच्या मनात गल्लत होऊ लागली. माझा भाचा आणि पुतण्या त्याच गल्लतीचे वारस आहेत.

ही गल्लत दूर करावयाची तर एकयंत्री खेळांचे तीन वर्ग पाडले पाहिजेत. ते सारे एकाच नावाने ओळखले जातात; परंतु त्यांची कुळे निराळी आहेत.

पहिला वर्ग यंत्रातूनच जन्मलेल्या खेळांचा. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइट जागेत बसविलेला होता. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा घेते. जागा वाचविण्यासाठी शिगेरू मियामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या युक्त्या केल्या, त्यांतील एक फार गोड आहे. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडपे ही एकच आकृती आहे. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. लक्षावधी मुलांनी तो खेळ खेळला आणि कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. १९९६ साली त्याच परंपरेतील 'सुपर मारिओ ६४' आला. त्या वेळी निन्टेन्डोने अंगठ्याने हळू किंवा जोरात कलवता येईल अशी दांडी आपल्या नियंत्रकावर बसविली होती. दांडी थोडी कलविली तर मारिओ चवड्यांवर चालतो, पुरती कलविली तर धावतो. नियंत्रक आणि खेळ यांची घडण हातात हात घालून झाली होती. अलीकडचे उदाहरण २०२४ सालच्या 'ॲस्ट्रो बॉट'चे. सोनीच्या नियंत्रकातील सूक्ष्म कंपनांमुळे पायाखाली गवत आहे की धातू हे तळहाताला कळावे, अशी त्याची रचना आहे. अशा खेळांच्या बाबतीत माझ्या भाच्याचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. विशिष्ट नटाचा गळा डोळ्यांसमोर ठेवून नाटककाराने पद रचावे, तसे हे आहे. ते पद दुसऱ्यालाही गाता येईल. परंतु पहिल्या गळ्यात ते जसे बसले, तसे अन्यत्र सहसा बसत नाही.

यंत्राशी दीर्घ परिचय असण्याचा लाभ एरवीही दिसतो. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये 'सेल' नावाचा एक मोठा विचित्र प्रोसेसर होता. एका मुख्य गाभ्याबरोबर अनेक लहान साहाय्यक गाभे, आणि त्यांना काम वाटून देण्याची सारी जबाबदारी प्रोग्रॅमरवर. अनेक यंत्रांसाठी एकाच वेळी खेळ बनविणाऱ्यांना ही विद्या आत्मसात करण्याइतकी सवड नसे, आणि म्हणून त्यांचे खेळ पुष्कळदा त्या यंत्रावर अडखळत. उलट, त्या एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या नॉटी डॉग या संस्थेने २०१३ साली 'द लास्ट ऑफ अस' दिला. तेच यंत्र, तेच गाभे. परंतु हात सरावलेला होता. मात्र त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कथेची नव्याने घडविलेली आवृत्ती २०२३ साली साध्या संगणकांवर आणली गेली, तेव्हा आरंभी तिच्यात इतके दोष निघाले की तक्रारींचा पाऊस पडला. एका घरात लाडाने वाढलेल्या मुलाला परगावी पाठवावयाचे तर तयारीला वेळ द्यावा लागतो, तो दिला गेला नव्हता.

दुसरा वर्ग आश्रयातून जन्मलेल्या खेळांचा. कन्सोल विकणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा ठेवीत नाही. कधी कधी तोटाही सोसते. तिची खरी मिळकत पुढे विकल्या जाणाऱ्या खेळांतून होते. इतरांच्या खेळांच्या विक्रीतही तिचा वाटा असतो, आणि तो साधारणतः ३० टक्के मानला जातो. तेव्हा ज्या खेळाच्या ओढीने लोक यंत्र विकत घेतील, त्या खेळाने स्वतःचा खर्च पै-पैने भरून काढलाच पाहिजे असे नसते. त्यामुळे कंपनी धीर धरू शकते, आणि कलेला धीर धरणारा आश्रयदाता मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. २०२३ साली अमेरिकेतील एका न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांतून असे बाहेर आले, की 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला होता. एवढा पैसा एका कथेवर लावण्यास छाती लागते.

आश्रयाचे सर्वांत बोलके उदाहरण 'बायोनेटा'चे आहे. २००९ साली ओसाका येथील प्लॅटिनमगेम्स या संस्थेचा हा खेळ दोन यंत्रांवर आला. म्हणजे तो बहुयंत्री होता. त्यांपैकी एका यंत्रावर तो मूळचाच बांधलेला होता, आणि दुसऱ्यावर रूपांतरित करून नेला होता. ते रूपांतर मंद आणि कळाहीन ठरले. पुढे दुसऱ्या भागाला पैसे देण्यास कोणी मिळेना. अखेर निन्टेन्डो पुढे आली आणि २०१४ साली 'बायोनेटा २' केवळ तिच्या वी यू या यंत्रावर आला. पहिल्या भागाचे अनेक चाहते संतापले. आमचा खेळ पळविला, अशी त्यांची भावना होती. वस्तुतः पळविण्यासारखे काही अस्तित्वातच नव्हते. आश्रय मिळाला नसता तर तो खेळ जन्मासच आला नसता. परंतु त्या संतापातही तथ्याचा अंश होता. वी यू हे यंत्र जगभरात केवळ १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विकले गेले, आणि एक उत्कृष्ट कृती थोड्याच लोकांपर्यंत पोहोचून राहिली. २०१८ साली ती स्विच या नव्या यंत्रावर आली तेव्हाच तिचा कोंडवाडा काहीसा संपला.

तिसरा वर्ग नुसत्या करारातून जन्मलेल्या खेळांचा. खेळ तयार असतो, किंवा होऊ घातलेला असतो. यंत्राची कंपनी पैसे मोजून तो काही महिने किंवा कायमचा आपल्यापाशी ठेवते. या पैशाने पुष्कळदा खेळात काही भर पडत नाही. भर पडते ती कुंपणात. निन्टेन्डोची ती दोन वर्षांची अट या जातीची होती. येथे माझ्या पुतण्याचा राग सर्वस्वी रास्त आहे. तथापि येथेही अपवाद आहे आणि तो आपल्या घरचा आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने पुराणकथांच्या आधारे 'राजी' नावाचा खेळ रचला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा. २०१७ साली त्यासाठी लोकवर्गणी जमविण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला, आणि दोन महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. एरवी जगाच्या बाजारात ज्याचे नावही ऐकू आले नसते, अशा पुण्याच्या खेळाला त्या दोन महिन्यांत एका मोठ्या कंपनीच्या व्यासपीठावर उभे राहता आले. कुंपण अल्पकाळाचे असेल आणि त्याच्या आत रोपट्याला पाणी मिळत असेल, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही.

आता बहुयंत्री खेळांकडे वळू. त्यांचा आद्य वीर म्हणजे 'टेट्रिस'. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी जो संगणक वापरून तो रचला, त्याला धड चित्रे काढता येत नव्हती. म्हणून ठोकळ्यांच्या जागी कंसांची चिन्हे वापरावी लागली. पुढे तो खेळ जवळजवळ प्रत्येक यंत्रावर गेला आणि कोठेही त्याचे काही हरवले नाही. कारण त्याचे सौंदर्य चित्रांत नव्हते, नियमांत होते. बुद्धिबळाचा पट चंदनाचा असो की पुठ्ठ्याचा, डाव तोच राहतो, तसेच हे. २०१५ सालचा 'द विचर ३' किंवा २०२२ सालचा 'एल्डन रिंग' हे विस्तीर्ण, कथाप्रधान खेळ अनेक यंत्रांवर एकदम आले, आणि त्यांच्या श्रेष्ठत्वाविषयी फारसा कोणी वाद घालीत नाही.

परंतु अनेक घरी पाहुणचार घ्यावयाचा तर सर्वांत लहान घराच्या दारातून वाकून आत शिरावे लागते. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'सायबरपंक २०७७' अनेक यंत्रांसाठी आला. जुन्या यंत्रांवर त्याची इतकी दैना झाली, की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला २०२१ च्या जूनमध्ये. 'बाल्डर्स गेट ३' हा खेळ २०२३ च्या ऑगस्टमध्ये संगणकांवर आला. एक्सबॉक्सवर मात्र डिसेंबर उजाडला. कारण एक्सबॉक्सच्या धाकट्या, स्वस्त यंत्रावर दोघांनी एकाच पडद्यावर खेळण्याची सोय काही केल्या बसेना. शेवटी त्या यंत्रापुरती ती सोय सोडून द्यावी लागली. बहुयंत्री खेळाचे उणेपण हे असे असते. त्यात निष्काळजीपणाच असतो असे नाही. पुष्कळदा ते औदार्याचे मोल असते.

मग श्रेष्ठ कोण? पुरस्कार हा गुणाचा अंतिम निकष नव्हे. तरी कल येण्यापुरता त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत 'द गेम अवॉर्ड्स' नावाचा सोहळा २०१४ पासून होतो. २०१४ ते २०२४ या अकरा वर्षांत वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान चार वेळा एकाच कंपनीच्या यंत्रांवर आलेल्या खेळांना मिळाला: २०१७, २०१८, २०२० आणि २०२४ साली. उरलेल्या सात वेळा तो अनेक यंत्रांवर आलेल्या खेळांकडे गेला. भाचा म्हणेल, मोठे एकयंत्री खेळ मुळात मोजके, त्या मानाने चार म्हणजे पुष्कळ. पुतण्या म्हणेल, सात हे चारांहून अधिक. दोघेही खरे बोलतील. या आकड्यांवरून एवढेच सिद्ध होते, की श्रेष्ठत्व कोणत्याही एका पक्षाच्या मालकीचे नाही.

माझ्या मते प्रश्नाचे खरे मर्म आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे काळ. यंत्र मरते. त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. कंपनीचे दुकान एके दिवशी बंद होते. २०२३ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोने वी यू आणि थ्री-डीएस या दोन यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्री थांबविली, आणि केवळ तेथेच मिळणारे कितीतरी लहान खेळ विकत घेण्याची वाट मिटली. त्याच वर्षी 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळत नाहीत. त्यांत दोन्ही जातींचे खेळ आहेत. परंतु ज्याला एकच घर आहे, तो ते घर पडताच निराधार होतो, हे उघड आहे. आपल्याकडे १८८२ साली किर्लोस्कर मंडळीने 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा पाहण्यास लोक लोटत. पुढे अनेक मंडळ्यांनी ते नाटक केले, आणि म्हणूनच ते आजवर जिवंत राहिले. त्या एका मंडळीबरोबरच ते संपावे असा दंडक असता, तर आपल्या हाती केवळ आठवणी उरल्या असत्या.

आपल्या देशात तर या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडील असंख्य मुलांनी मारिओ पाहिला, तो निन्टेन्डोच्या अस्सल यंत्रावर नव्हे. तर 'टीव्ही गेम' म्हणून गल्लोगल्ली विकल्या जाणाऱ्या नकली यंत्रांवर, एका कार्ट्रिजमध्ये शेकडो खेळ असल्याच्या थापेसह. हे कायदेशीर नव्हते, याचे समर्थन मी करणार नाही. परंतु कुंपण फार उंच झाले म्हणजे लोक चोरवाट काढतात, हे त्यावरून दिसते. जेथे एक कन्सोल घेणे हा कुटुंबाचा मोठा खर्च असतो, तेथे एका खेळासाठी दुसरे यंत्र घ्या, हे सांगणे फार जड जाते.

काळाचा कलही आता कुंपण उतरविण्याकडे दिसतो. २०१८ साली सोनीने 'फोर्टनाइट' या खेळात इतर कन्सोलवरील खेळाडूंबरोबर खेळण्यास मुभा दिली. २००१ साली एक्सबॉक्सचा ध्वज म्हणून आलेल्या 'हेलो'ची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवरही आणण्याचे २०२५ साली जाहीर झाले. सर्वांत गमतीचा प्रसंग मात्र त्यापूर्वीच घडून गेला आहे. १९९१ साली सेगा कंपनीने मारिओला शह देण्यासाठी सॉनिक नावाचा निळा साळू मैदानात उतरविला. २००१ साली सेगाने यंत्रे बनविणे सोडले, आणि २००७ साली मारिओ व सॉनिक हे दोन हाडवैरी ऑलिंपिकवरील एकाच खेळात शेजारी शेजारी धावू लागले. मला १९२१ सालच्या संयुक्त 'मानापमाना'ची आठवण झाली. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक, एका रंगमंचावर उभे राहिले, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचेही तेज उणावले नाही.

तेव्हा माझा निर्णय असा. खेळ घडविताना एकनिष्ठा हितकर असते. खेळ टिकविताना ती घातक ठरते. रचनाकाराने एका यंत्राचे अंतरंग जाणून, त्याच्या मर्यादांशी झगडून खेळ रचावा. त्याला धीर धरणारा आश्रयदाता मिळावा. त्या आश्रयदात्याला काही काळ त्याचे फळही मिळावे. परंतु पुढे त्या खेळाला, पुरेशी तयारी करून, इतर घरी जाण्याची मोकळीक असावी. केवळ एकाच यंत्रावर मिळतो म्हणून एखादा खेळ चांगला ठरत नाही, आणि सर्वत्र मिळतो म्हणून हलकाही ठरत नाही. तो आपल्या यंत्राच्या प्रेमाने बनला की कराराच्या शाईने, एवढे विचारले म्हणजे पुष्कळसे उत्तर मिळते.

हा निकाल मी दोघा मुलांना पत्राने कळविला. भाच्याला लिहिले, की खेळ कसा घडतो याविषयी तुझे खरे आहे. पुतण्याला लिहिले, की तो कोणासाठी असावा याविषयी तुझे. दोघांचे मिळून एकच उत्तर आले. यंत्रे निराळी असली तरी एकत्र खेळता येईल असा एक फुटबॉलचा खेळ त्यांनी शोधून काढला आहे, आणि आता दर रविवारी इंदूर विरुद्ध पुणे असा सामना होतो. श्रेष्ठ यंत्र कोणाचे, हा वाद त्या सामन्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास अजूनही चालतो, असे कळते.